राडब्रुख वर सेमिनार आहे – "आधी पॉझिटिव्हिस्ट, मग नॅचरल लॉ" एवढंच खरं का?

खानापूर_लोकल:
नमस्कार मंडळी. मी बेळगावात लॉ करालोय, तिसरं वर्ष, ज्युरिसप्रुडन्सच्या (कायद्याचं तत्त्वज्ञान) इंटर्नल्सला मला गुस्ताफ राडब्रुख हा जर्मन कायदेपंडित आलाय, पंधरा मिनिटं बोलायचंय आणि नंतर प्रश्न. नोट्स मध्ये त्याच्यावर चार ओळी आहेत फक्त, त्यात लिहिलंय की दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तो पॉझिटिव्हिस्ट होता (म्हणजे रीतसर केला तो कायदा, न्याय्य असो नसो), हिटलरचं बघून मन बदललं, मग नॅचरल लॉ वाला झाला (म्हणजे न्यायाला सोडून असेल तो कायदाच नाही). संपलं. आता चार ओळीत मी पंधरा मिनिटं काय बोलू सांगा. सर म्हणाले त्याचं करिअर घे, कुठं शिकला कुठं शिकवलं ते सगळं, म्हणजे विचार आपोआप कळतील. मी बघालोय तर हा माणूस सारखा गाव बदलतोय, मधेच मिनिस्टर होतोय, परत प्रोफेसर होतोय, नोकरी जातीय, परत मिळतीय. मला दोन गोष्टी कळत नाहीत. एक, जर्मनीत प्रोफेसर व्हायची पद्धत काय असते की इतकी वर्षं लागतात. दोन, तो खरंच बदलला का? इंग्लिश मधलं वाचून डोकं चालेना, म्हणून इथं विचारालोय. कुणी वाचलं असेल तर सांगा की.

शहापूरची_मानहाइममध्ये:
अरे वा, राडब्रुख! मी इथे एलएलएम केलं, आता मानहाइमला नोकरी, आणि हायडेलबर्ग इथून ट्रेनने जवळच. राडब्रुखने मानहाइमच्या तेव्हाच्या व्यापारी महाविद्यालयात पण शिकवलंय, त्यामुळे जरा आपलेपणा आहे म्हण.

पहिल्या प्रश्नाचं सांगते. आपल्याकडे नेट-सेट झालं, पीएचडी झाली, की असिस्टंट प्रोफेसर, मग वर्षं भरतील तसं वर सरकायचं. इथे तसं नव्हतं, कायद्यात तर अजून बऱ्यापैकी तसंच आहे. डॉक्टरेट ही सुरुवात. त्यानंतर हाबिलिटात्सिओन म्हणजे दुसरा मोठा प्रबंध, तो फॅकल्टीने मान्य केला की विद्यापीठात शिकवायचा हक्क मिळतो. हक्क, नोकरी नाही! त्याला प्रिवाटडोत्सेंट म्हणायचे. पगार नाही, लेक्चरला बसणारी पोरं जी फी देतील तेवढी कमाई. घरचं बरं असलं तर ठीक, नाहीतर हाल. मग वाट बघायची की दुसऱ्या एखाद्या विद्यापीठातून बोलावणं येतंय का. स्वतःच्या विद्यापीठात सहसा वर चढता येत नाही, बाहेरून बोलावणं आलं पाहिजे. गावं का बदलतो ते कळलं ना आता.

राडब्रुखचं घे. जन्म १८७८, ल्युबेक, उत्तरेकडचं व्यापारी बंदर. म्युनिक, लाइपझिग, बर्लिन असं तीन ठिकाणी शिकला. १९०२ ला बर्लिनमध्ये डॉक्टर झाला, गुरू फ्रान्झ फॉन लिस्ट, म्हणजे गुन्हेगारी कायद्यातला त्या काळातला सगळ्यात मोठा सुधारणावादी. शिक्षा ही सूड म्हणून नको, गुन्हेगार पुन्हा गुन्हा करू नये म्हणून हवी, अशी त्याची शाळा. हे लक्षात ठेव, पुढे मिनिस्टर झाल्यावर राडब्रुख तेच करायला बघतो. १९०३ ला हायडेलबर्गला हाबिलिटात्सिओन, म्हणजे पंचविशीत. आणि त्यानंतर दहा वर्षं तिथेच, कायमची खुर्ची नाही.

पण ती दहा वर्षं फुकट गेली नाहीत हां. हायडेलबर्गला तेव्हा समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरच्या घरी रविवारी मंडळी जमायची, त्यात हा. एमिल लास्क हा जवळचा मित्र, तत्त्वज्ञानातला नव-कांटवादी, म्हणजे जर्मन तत्त्वज्ञ कांटचे विचार नव्याने मांडणाऱ्यांपैकी. त्यांची एक गोष्ट राडब्रुखच्या डोक्यात कायमची बसली, ती म्हणजे जे आहे त्यावरून जे असायला हवं ते निघत नाही. कायदा आहे म्हणून तो योग्य आहे असं होत नाही. १९१० ला कायद्याची ओळख करून देणारं पुस्तक आणि १९१४ ला कायद्याच्या तत्त्वज्ञानाची रूपरेषा, दोन्ही त्याच काळातली. त्याच वर्षी क्योनिग्सबर्गहून बोलावणं आलं, कांटचं गाव! आणि तेवढ्यात महायुद्ध सुरू. रेड क्रॉस मध्ये गेला, मग सैन्यात.

आता झोपते, बाकीचं उद्या लिहिते.

खानापूर_लोकल:
ताई लय थँक्यू. फीवर जगायचं म्हणजे आमच्या इथले ज्युनियर वकील बरे म्हणायचे, त्यांना निदान सिनियर चहा तरी पाजतात 😅

निपाणी_एक्सप्रेस:
एआयबीई ला (वकिलीच्या परीक्षेला) यातलं काय येत नाही. सीपीसी (दिवाणी प्रक्रियेचा कायदा) वाच भावा.

काळा_कोट:
@निपाणी_एक्सप्रेस परीक्षेला येत नाही ते सगळं बिनकामाचं असं धरलं तर कोर्टात उभं राहिल्यावर पंचाईत होते, बाकी चालू दे.

खानापूरकर, मी प्रॅक्टिस करतो, बरीच वर्षं झाली, हा विषय आवडीचा. ताईंनी करिअरचं छान सांगितलं. मी मधल्या तुकड्याचं सांगतो कारण नोट्स मधून नेमका तोच गळतो आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

१९१९ ला तो कीलला आला, प्रोफेसर म्हणून. राजा पळून गेलेला, नवं वायमार प्रजासत्ताक, हा सोशल डेमोक्रॅट पक्षात शिरला. त्या काळच्या जर्मन कायदा-प्रोफेसरांत समाजवादी म्हणजे दुर्मिळच, बहुतेक सगळे राजाच्या आठवणी काढत बसलेले. मार्च १९२० ला काप नावाच्या माणसाने बर्लिनमध्ये लष्करी बंड केलं, त्याचं लोण कीलला पण पोचलं. राडब्रुख आणि त्याचा तरुण सहकारी हेर्मान हेलर, हाही पुढे मोठा घटनातज्ज्ञ झाला, हे दोघं बंडवाल्यांशी बोलणी करायला गेले तर त्यांनाच धरून ठेवलं, जीवावर बेतलेलं. पुस्तकात कायदा म्हणजे काय लिहिणारा माणूस बंदुकीसमोर उभा राहिलाय हे सेमिनार मध्ये जरूर सांग, पोरं जागी होतील.

त्याच वर्षी राइखस्टागवर, म्हणजे जर्मन संसदेवर, निवडून आला, १९२४ पर्यंत खासदार. दोनदा कायदामंत्री, १९२१ ते २२ आणि मग १९२३ ला काही महिने. या थोड्या काळात काय काय केलं बघ. जुलै १९२२ ला कायदा करून बायकांना वकील आणि न्यायाधीश होण्याची वाट मोकळी केली (आपल्याकडे बायकांच्या वकिलीचा कायदा १९२३ चा, म्हणजे जवळजवळ बरोबरच). बाल न्यायालयांचा कायदा १९२३. आणि १९२२ चा नव्या दंडसंहितेचा मसुदा, त्यात फाशी काढून टाकलेली. तो मसुदा कायदा झाला नाही, तो भाग वेगळा.

आता गंमत बघ, गंमत म्हणजे वाईट गंमत. जून १९२२ ला परराष्ट्रमंत्री राथेनाऊचा भर रस्त्यात खून झाला, उजव्या अतिरेक्यांनी केला, राथेनाऊ ज्यू होता. त्यावर सरकारने प्रजासत्ताकाच्या रक्षणाचा कायदा आणला, आणणारा मंत्री राडब्रुख, आणि त्यात खुनाच्या कटात असणाऱ्यांना फाशी होती. फाशीच्या विरोधात आयुष्यभर लिहिणारा माणूस. मला विचारशील तर त्याच्या करिअरमधला सगळ्यात अवघड प्रसंग हाच, १९३३ पेक्षा अवघड, कारण १९३३ ला त्याला निवड नव्हती, इथे होती.

आणि मेन पॉइंट. त्या काळात गुम्बेल नावाच्या गणितज्ञाने हिशोब मांडला. चार वर्षांत उजव्यांनी केलेले राजकीय खून ३५४, डाव्यांनी केलेले २२. डाव्यांना फाशी आणि लांब लांब शिक्षा, उजवे बहुतेक सुटले. कायदा एकच, पुस्तक एकच, न्यायाधीश तेच. हे आरोप राडब्रुखने स्वतः राइखस्टाग मध्ये उचलले आणि मंत्री झाल्यावर खात्याकडून चौकशी करून घेतली. म्हणजे वायमारचे न्यायाधीश कायद्याच्या अक्षराला चिकटून बसत नाहीत, सोयीने वाकवतात, हे त्याला १९२२ लाच चांगलं माहीत होतं.

मग १९४६ ला तोच माणूस लिहितो की "कायदा म्हणजे कायदा" या शिकवणीमुळे जर्मन वकील आणि न्यायाधीश हुकूमशाहीपुढे निःशस्त्र झाले. हे मला कधी पटलेलं नाही. नाझी काळातल्या कित्येक न्यायाधीशांनी कायद्यात लिहिलेल्यापेक्षा जास्त क्रूर निकाल दिले, "जनतेची निरोगी भावना" वगैरे बघून. ते अक्षराचे गुलाम कुठले? त्याने आपल्या जातभाईंना जरा सोपी पळवाट दिली असं माझं मत. हे बोललास तर सर खूश होतील, किंवा चिडतील, पण मार्क देतील.

खानापूर_लोकल:
सर हे तर नोट्स मध्ये कुठंच नाही! मग तो बदलला असं का म्हणतात?

काळा_कोट:
कारण १९३२ च्या त्याच्या पुस्तकात एक जागा आहे. तिथे तो म्हणतो, मनाविरुद्ध प्रवचन करणाऱ्या धर्मगुरूला आपण नावं ठेवतो, पण स्वतःला न पटणारा कायदा निष्ठेने लागू करणाऱ्या न्यायाधीशाला मान देतो. तेवढंच उचलतात आणि पॉझिटिव्हिस्ट म्हणून शिक्का मारतात. पण त्याच पुस्तकात कायद्याच्या कल्पनेला तीन अंगं सांगितलीत, न्याय, हेतूला धरून असणं, आणि निश्चितता, आणि ही तिन्ही आपसात भांडतात असंही सांगितलंय. १९४६ ला पण हीच तीन. फक्त भांडण झालं तर कुणाच्या बाजूने उभं राहायचं, तिथे काटा निश्चिततेकडून न्यायाकडे सरकला, कायदा फारच अन्यायकारक असेल तर तो कायदाच नाही इथपर्यंत. घर तेच, बैठकीची खोली बदलली म्हण.

शहापूरची_मानहाइममध्ये:
काळा कोट सरांनी मधलं भारी सांगितलं. मी पुढचं घेते.

१९२६ ला हायडेलबर्गला परत, आता पूर्ण प्रोफेसर म्हणून. जिथे दहा वर्षं बिनपगारी काढली तिथेच. गुम्बेल पण तेव्हा हायडेलबर्गलाच शिकवत होता, नाझी विद्यार्थी त्याच्या मागे हात धुवून लागलेले, १९३२ ला त्याचा शिकवायचा हक्क काढून घेतला. फॅकल्टीत त्याच्या बाजूने बोलणारे बोटावर मोजण्याइतके, त्यात राडब्रुख.

मग १९३३. एप्रिलमध्ये सरकारी नोकरीच्या "पुनर्स्थापनेचा" कायदा आला, ज्यू आणि राजकीय विरोधक यांना काढायला. राडब्रुख ज्यू नव्हता, पण समाजवादी माजी मंत्री, त्यामुळे मे मध्येच घरी. अगदी पहिल्या काढलेल्यांपैकी. आणि लक्षात घे, त्याला काढलं ते कायदा करूनच, गॅझेटमध्ये छापून. कागदपत्र एकदम व्यवस्थित.

त्याच वेळी बाकीचे काय करत होते ते पण बघ म्हणजे करिअर म्हणजे काय ते कळेल. केल्सेन हा मोठा कायदेपंडित, त्याला कोलोनमधून काढलं, त्याच्यासाठी सहकाऱ्यांनी अर्ज केला त्यावर तिथल्याच कार्ल श्मिट या प्रोफेसरने सही केली नाही, आणि त्याच वर्षी श्मिटला बर्लिनची खुर्ची मिळाली. कीलला गेऱ्हार्ट हुसर्लला काढून त्याच्या जागी कार्ल लारेन्झ आला, तरुण, हुशार, नव्या राजवटीला हवं ते लिहिणारा. युद्धानंतर लारेन्झ परत प्रोफेसर, आधी कील मग म्युनिक, आणि त्याचं कायद्याच्या पद्धतीवरचं पुस्तक इथे पिढ्यान् पिढ्या वाचतात, मी पण वाचलंय, पुस्तक चांगलं आहे हीच तर अडचण.

राडब्रुख देश सोडून गेला नाही. १९३५-३६ ला एक वर्ष ऑक्सफर्डला युनिव्हर्सिटी कॉलेजला जाऊन आला, इंग्लिश कायद्यावर पुढे एक छोटं पुस्तक लिहिलं. बाकी वेळ घरी बसून लेखन. फॉयरबाखचं चरित्र लिहिलं, हा एकोणिसाव्या शतकातला दंडकायदेवाला, तत्त्वज्ञ फॉयरबाखचा बाप. ते व्हिएन्नाला छापलं १९३४ ला. आणि घरचं तर विचारूच नको. मुलगी १९३९ ला बर्फाच्या कड्याखाली गेली, मुलगा १९४२ ला स्टालिनग्राडला. दोनच मुलं होती.

सप्टेंबर १९४५ ला परत नेमणूक, लगेच डीन, बंद पडलेली लॉ फॅकल्टी उभी करायची. वय सदुसष्टच्या घरात, तब्येत नाही. त्याच महिन्यात तिथल्या पेपरात एक पानभर मजकूर आला, "कायद्याच्या तत्त्वज्ञानाची पाच मिनिटं". खानापूरकर, इंग्लिशमध्ये मिळतं, आधी ते वाच, खरंच पाच मिनिटं लागतात. १९४८ ला निवृत्त, १९४९ ला गेला. मरणाच्या आधी जे विद्यार्थी तयार केले त्यातला आर्थर काउफमानने पुढे त्याचं सगळं लिखाण २० खंडांत आणलं.

सीमाभाग_एकच_ध्यास:
सगळं वाचलं. मग मला सांगा की अन्यायकारक कायदा हा कायदाच नाही असं हा जर्मन म्हणत असेल तर १९५६ ची राज्य पुनर्रचना आपल्याला पण लागू नाही असं म्हणता येईल की! भाषिक बहुमत मराठी, नेलं म्हैसूर राज्यात. घरच्या जमिनीचा उतारा मला वाचता येत नाही, दुसऱ्याकडनं वाचून घ्यावा लागतो. याहून अन्याय काय असतो. सेमिनार मध्ये हे बोल भावा.

काळा_कोट:
नको बोलू. कळकळ समजते, मी पण इथलाच, पक्षकाराचा कागद मी पण वाचून दाखवतो रोज. पण १९४६ च्या लेखातलं राडब्रुखचं सूत्र तसं नाही आणि तो एवढा जपून का लिहितो ते समजून घेतलं पाहिजे.

तो म्हणतो, कायदा अन्यायकारक असला, सोयीचा नसला, तरी तो पाळायचाच, कारण निश्चितता हे पण न्यायाचंच काम करते. उद्या प्रत्येक जण मला अन्याय वाटला म्हणून कायदा नाही असं म्हणायला लागला तर कोर्टं बंद करावी लागतील. अपवाद फक्त तेव्हा जेव्हा कायदा आणि न्याय यातलं अंतर सहन न होण्याइतकं वाढतं. आणि त्याच्या पलीकडे अजून एक पायरी, जिथे न्याय करायचा प्रयत्नच नाही, समानता मुद्दाम नाकारलीय, तिथे तो कायदा चुकीचा नाही, कायदाच नाही. त्याच्या डोळ्यांसमोर काय होतं? माणसांना माणूस न मानणारे कायदे. १९५६ चा कायदा संसदेने घटनेच्या कलम ३ खाली केला, सीमावादावर महाजन आयोग बसला, त्याचा १९६७ चा अहवाल आपल्याला पटला नाही, महाराष्ट्राने २००४ ला सुप्रीम कोर्टात कलम १३१ खाली दावा लावला. हा सगळा निश्चिततेच्या आतला झगडा आहे. तुझं गाऱ्हाणं खोटं नाही, पण त्याला हे औषध नाही. आणि आपण हे औषध प्रत्येक दुखण्याला लावलं तर खरी वेळ येईल तेव्हा ते चालणार नाही.

आपल्याकडे खरं बसणारं उदाहरण हवं तर १९७६ चं एडीएम जबलपूर. आणीबाणीत बेकायदा अटक झाली तरी कोर्टात जाता येत नाही असं चार न्यायाधीश म्हणाले, एकटे एच. आर. खन्ना विरोधात, आणि त्यांची सरन्यायाधीशपदाची पाळी डावलली गेली. चौघांत आपले वाय. व्ही. चंद्रचूड होते. २०१७ ला पुट्टास्वामी (खाजगीपणाच्या हक्काच्या) खटल्यात तो निकाल मोडीत काढला, लिहिणाऱ्यांत त्यांचाच मुलगा. हे सेमिनार मध्ये घे, सूत्राचं नाव न घेता तोच प्रश्न आहे.

सीमाभाग_एकच_ध्यास:
पटलं नाही पूर्ण. "सहन न होण्याइतकं" हे ठरवणार कोण? ज्याला सहन करायला लागत नाही तोच ना?

शहापूरची_मानहाइममध्ये:
हा प्रश्न बरोबर आहे, आणि राडब्रुखवर सगळ्यात मोठी टीका हीच झालीय. १९५८ ला इंग्लिश कायदेपंडित हार्टने हार्वर्डच्या जर्नलमध्ये लिहिलं की कायदा होता पण इतका नीच होता की पाळायला नको होता, असं सरळ म्हणा, कायदाच नव्हता असं म्हणून प्रश्न झाकू नका. अमेरिकन कायदेपंडित फुलरने उलट उत्तर दिलं. तो वाद तुमच्या सिलॅबसला असणारच.

पण कोर्टांनी सूत्र खरंच वापरलं. १९६८ ला इथल्या घटना न्यायालयाने, नाझींनी देशाबाहेरच्या ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारा जो हुकूम काढला होता तो सुरुवातीपासूनच रद्द धरला. १९९२ ला बर्लिन भिंतीवरच्या पहारेकऱ्यांचा खटला, १९८४ मध्ये भिंत चढणाऱ्या वीस वर्षांच्या पोराला गोळ्या घातलेल्या, पहारेकरी म्हणाले आमच्या देशाच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या, कायद्यात परवानगी होती. कोर्ट म्हणालं ती परवानगी चालणार नाही, राडब्रुखचा आधार घेतला पण सोबत मानवी हक्कांचा आंतरराष्ट्रीय करारही जोडला, म्हणजे "कोण ठरवणार" याला थोडं उत्तर. शिक्षा झाली पण निलंबित, पोरंच होती ती पण. मला तो निकाल सूत्रापेक्षा जास्त शहाणा वाटतो.

आणि खानापूरकर, पुढे वाचायचं असेल तर रॉबर्ट अलेक्सी. १९८६ ला कीलला प्रोफेसर झाला, राडब्रुखचंच जुनं विद्यापीठ. टोकाचा अन्याय म्हणजे कायदा नाही, हे तो आजच्या भाषेत मांडतो. पण पंधरा मिनिटांत त्याला आणू नको, गुदमरशील.

खानापूर_लोकल:
ताई, सर, दोघांचे उपकार. आता मटेरियल जास्त झालंय, उलटा प्रॉब्लेम 😀 सुरुवात जन्मापासून करू का? जन्म ल्युबेक, शिक्षण अमुक, असं म्हटलं की मागची बाकं मोबाईल काढतात.

काळा_कोट:
जन्मापासून नको. पुटफार्केनपासून कर. १९४६ च्या लेखात राडब्रुख स्वतःच असल्या खटल्यांपासून सुरुवात करतो. थुरिंगियातला न्यायखात्यातला एक कारकून, पुटफार्केन. त्याने ग्यॉटिग नावाच्या व्यापाऱ्याची चुगली केली, का तर त्याने संडासाच्या भिंतीवर हिटलर खुनी आहे, युद्धाला तोच जबाबदार, असं लिहिलेलं. ग्यॉटिगला फाशी झाली, रीतसर खटला चालवून. युद्धानंतर कारकुनावर खटला, कारण काय तर खुनाला मदत. त्याचं म्हणणं, मी तर कायद्याप्रमाणे तक्रार केली. त्याला जन्मठेप झाली.

हे सांग आणि वर्गाला विचार, तुम्ही न्यायाधीश असता तर? पाच मिनिटं तिथेच जातील. मग १९२२ वर ये, मग १९३३, शेवटी सूत्र. क्योनिग्सबर्ग वगैरे एका वाक्यात उरक. मुद्दे लिहून झाले की इथे टाक, मला बुधवारी निपाणीला तारीख आहे, त्याच्या आधी टाकलास तर बघून देतो.

निपाणी_एक्सप्रेस:
संडासाच्या भिंतीवाला किस्सा भारी आहे. सेमिनार कधी आहे रे, बसायला येऊ का?